विदर्भातल्या कॅथलिक सिस्टर आणि त्यांचे संघ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या खेड्यांत 'मिशनच्या सिस्टर' बहुतेकांना पाहून ठाऊक असतात. कुणाचं बाळंतपण त्यांच्या दवाखान्यात झालेलं असतं, कुणाची मुलगी त्यांच्या बोर्डिंगात शिकलेली असते. तरी त्या मूळच्या कोण, इकडे कशा आल्या, त्यांचा खर्च कोण चालवतं, याबद्दल गावात ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात. मी ख्रिस्ती नाही. पण पाचवी ते दहावी अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले आणि आज शिक्षिका आहे. पालक भेटतात तेव्हा, बचत गटाच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात मला हेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहिलं आहे.

सिस्टर म्हणजे नर्स, शाळेच्या बाई, की आणखी कुणी?

त्या नर्स असतील, शिक्षिका असतील, वकील किंवा डॉक्टरही असतील. तो झाला व्यवसाय. कॅथलिक सिस्टर म्हणजे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेऊन एखाद्या संघात आयुष्य काढणारी स्त्री. दारिद्र्याचं व्रत म्हणजे स्वतःसाठी काही साठवायचं नाही, मिळकत संघाच्या सामाईक खात्यात जाते. आज्ञापालन म्हणजे संघ पाठवेल तिथे जायचं. म्हणून नागपूरच्या शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टर पुढच्या जूनमध्ये भामरागडकडच्या एखाद्या खेड्यात भेटल्या तर नवल वाटू देऊ नका. ती बढती नसते आणि शिक्षाही नसते.

संघाच्या प्रमुखांना बरेच लोक 'मदर' म्हणतात, एका घराच्या प्रमुखांना 'सुपिरियर'. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, फादर करतात. सिस्टर करत नाहीत.

हे संघ मुळात कुणी आणि कशासाठी काढले?

इथे जरा थांबून सांगते, कारण बाकी सगळ्याचं मूळ यात आहे.

युरोपात कित्येक शतकं व्रतस्थ स्त्रीची जागा मठाच्या भिंतीआड मानली जायची. १२९८ मध्ये पोप आठवे बोनिफास यांनी तसा हुकूमच काढला आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो पुन्हा कडक केला. प्रार्थना करायची तर भिंतीआड. रस्त्यावरच्या आजाऱ्याला पाणी पाजायचं असेल, गरिबाच्या पोरीला अक्षर शिकवायचं असेल, तर व्रतस्थ बाईला परवानगी नव्हती. पुढची तीनशेहून जास्त वर्षं बायकांनी या भिंतीतून वाट काढण्यात घालवली.

इटलीतल्या ब्रेशा शहरात आंजेला मेरिची यांनी १५३५ मध्ये काही स्त्रियांना एकत्र केलं. त्या आपापल्या घरी राहून व्रतस्थ जीवन जगणार होत्या. हाच पुढचा उर्सुलाईन संघ. आंजेलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या अनेक शाखा एकेक करून मठात कोंडल्या गेल्या. १६१० मध्ये आनेसी गावात बिशप फ्रान्सिस द सेल्स आणि जेन द शांताल या विधवा बाईंनी आजाऱ्यांच्या घरी जाणारा संघ काढला. थोड्याच वर्षांत त्यालाही भिंत घालावी लागली. इंग्लंडच्या मेरी वॉर्ड तर मुलींच्या शाळा काढत युरोपभर पायी फिरल्या. १६३१ मध्ये त्यांचा संघच बरखास्त झाला आणि त्यांना काही काळ कोंडून ठेवण्यात आलं.

वाट सापडली ती पॅरिसमध्ये, १६३३ साली. लुईझ द मारिलाक या विधवा बाईंनी खेड्यातल्या चार मुलींना आपल्या घरी ठेवून घेतलं. सोबत होते फादर व्हिन्सेंट द पॉल. त्यांनी युक्ती केली ती अशी, की या मुलींना मठवासिनी म्हणायचंच नाही. व्रतं घ्यायची तीही एकेका वर्षापुरती, दरवर्षी नव्याने. व्हिन्सेंट त्यांना सांगत की आजाऱ्याचं घर हाच तुमचा मठ, भाड्याची खोली ही तुमची कोठी आणि शहराचे रस्ते हेच तुमचं आवार.

त्यांच्याही आधीची एक मुलगी मला फार जवळची वाटते. मार्गरीत नासो. सुरेन गावची, गुरं राखणारी. शाळा नाही, मास्तर नाही. तिने एक अंकलिपी विकत घेतली आणि वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांना अडवून अडवून अक्षरं विचारली. स्वतःला वाचता येऊ लागल्यावर गावोगाव फिरून इतर मुलींना शिकवू लागली. पुढे पॅरिसला आजाऱ्यांची सेवा करताना प्लेग झालेल्या एका बाईला तिने आपल्या अंथरुणात जागा दिली आणि १६३३ च्या सुरुवातीला त्याच आजाराने ती गेली. संघ रीतसर सुरू व्हायच्या आधीच. तरी व्हिन्सेंट तिलाच पहिली भगिनी मानत.

चर्चने अशा 'बाहेर काम करणाऱ्या' सिस्टरांना व्रतस्थ म्हणून पूर्ण मान्यता दिली ती थेट १९०० साली, पोप तेरावे लिओ यांच्या काळात. आज आपल्याला सिस्टर स्कूटीवर दिसतात. त्या गाडीला रस्ता मिळायला इतका काळ लागला.

संस्थापक बाई असते की पुरुष? नाव तर फादरचंच लागतं.

बऱ्याच संघांचे दोन संस्थापक असतात, एक बाई आणि एक धर्मगुरू. मंजुरीसाठी बिशपांकडे जायचं तर धर्मगुरूचं नाव पुढे असावं लागे, आणि मग तेच नाव इतिहासात राही. मेरी वॉर्ड यांना संस्थापक म्हणून मान्यता मिळाली १९०९ मध्ये. तोवर त्यांना जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली होती. आयर्लंडचा लोरेटो संघ त्यांच्याच परंपरेतला, आणि त्या संघातूनच मदर तेरेसा भारतात आल्या.

आपल्याकडचं उदाहरण केरळचं. १८६६ मध्ये कूनम्माव इथे बांबूच्या तट्ट्यांच्या घरात तिथल्या स्त्रियांचा पहिला संघ सुरू झाला. त्यात एलिश्वा नावाच्या विधवा, त्यांची मुलगी आणि त्यांची बहीण होती. मार्गदर्शक होते कुरियाकोस एलियास चावरा आणि इटालियन फादर लिओपोल्ड.

जेन, लुईझ, एलिश्वा. तिघीही विधवा. ज्या समाजात नवरा गेल्यावर बाईचं जगणं संपलं असं धरून चालतात, तिथेच या तिघींनी शेकडो वर्षं टिकतील अशा संस्था उभ्या केल्या. शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बाया आपण विदर्भात रोज पाहतो, म्हणून मी हे मुद्दाम सांगते.

विदर्भात सिस्टर कधी आणि कुठून आल्या?

विदर्भाचा धागा आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या सव्हॉय प्रांतात सापडतो. आज तो फ्रान्समध्ये आहे. त्याच आनेसी गावात फादर पिएर मेर्मिए यांनी १८३८ मध्ये धर्मगुरूंचा एक संघ काढला आणि फ्रान्सिस द सेल्स यांचं नाव त्याला दिलं. नागपूरची एसएफएस शाळा आणि कॉलेज हे त्याच नावाचे. या संघाचे लोक १८४५ मध्ये भारताकडे निघाले. त्यांच्या वाट्याला विशाखापट्टणमचं मिशन आलं. त्याची हद्द पार नागपूरपर्यंत होती. कामठीला इंग्रजांची लष्करी छावणी असल्यामुळे तिथे त्यांचं सुरुवातीचं ठाणं पडलं.

मागोमाग सिस्टर आल्या. सेंट जोसेफच्या सिस्टरांचा संघ मूळचा फ्रान्समधल्या ल प्युई गावचा, १६५० सालचा. सहा बायांपासून सुरू झालेला. त्या भागात लेस विणायचा धंदा होता. या सिस्टर गरीब मुलींना तेच विणकाम शिकवत, म्हणजे पोट भरायला कुणाच्या दारी जावं लागू नये. फ्रेंच राज्यक्रांतीत संघ मोडला आणि काही सिस्टरांना गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर, जावं लागलं. मदर सेंट जॉन फोंबॉन कैदेत होत्या. क्रांतीतला सत्ताधीश रोबस्पिएर याची सत्ता कोसळली म्हणून त्या वाचल्या आणि १८०७ मध्ये त्यांनी संघ नव्याने उभा केला. त्याच्या आनेसी शाखेच्या सिस्टर १८४९ मध्ये विशाखापट्टणमच्या मिशनमध्ये पोचल्या. नागपूरचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट याच कुटुंबाच्या शांबेरी शाखेचं.

दुसरा संघ 'सिस्टर्स ऑफ द क्रॉस' म्हणजे होली क्रॉसच्या सिस्टर. मेर्मिए आणि क्लोदीन एशेर्निए यांनी १८३८ मध्येच, आनेसीजवळच्या शावानो या खेड्यात तो सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या आपल्या वऱ्हाड-नागपूर भागात आल्या. खेड्यात जन्मलेला संघ खेड्यांच्या मुलखात आला, याचं मला अप्रूप वाटतं.

नागपूरचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचा भाग, १८८७ मध्ये वेगळा झाला. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. आमच्याकडची जुनी माणसं 'छप्पनचा दुष्काळ' म्हणत तो दुसरा, संवत १९५६ चा. पोरकी मुलं मिशनच्या अनाथालयांत आली. त्यांना सांभाळायला, त्यातही मुलींना, सिस्टरांशिवाय कोण होतं? दुष्काळ सरला पण मुलं राहिली. त्यांना शिकवायचं म्हणून शाळा, शिवण आणि विणकाम. आज दिसणारी बरीच कामं अशीच एकातून एक निघाली आहेत.

अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ चा. चंद्रपूरचा, ज्याला ते अजून 'चांदा' म्हणतात, त्याची सुरुवात १९६२ मध्ये झाली आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. केरळच्या सिरो-मलबार चर्चने, म्हणजे तिथल्या जुन्या परंपरेच्या कॅथलिक चर्चने, आपल्या राज्याबाहेर सुरू केलेलं हे पहिलं मिशनक्षेत्र.

म्हणूनच इतक्या सिस्टर केरळच्या असतात का?

हो. चांदा मिशनसाठी केरळहून बरेच संघ आले. केरळात जुना ख्रिस्ती समाज, मुलींचं शिक्षण लवकर सुरू झालेलं, आणि कुटुंबंही मोठी, त्यामुळे तिथून सिस्टर पुष्कळ निघत. आता झारखंड, छत्तीसगडच्या आदिवासी मुली आणि आपल्या भागातल्या मुलीही संघांत दिसतात.

भाषेची अडचण मोठी असते. मल्याळीत वाढलेली मुलगी आधी मराठी शिकते. मग खेड्यात आल्यावर तिला कळतं की इथली मराठी पुस्तकातली नाही. मेळघाटात गेली तर कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. आमच्या बोर्डिंगच्या सिस्टरांनी 'काहून', 'कायले', 'पोट्टी' हे शब्द आमच्याकडून उचलले आणि शेवटपर्यंत तसंच बोलल्या.

गावोगावची 'कॉन्व्हेंट' सगळी सिस्टरांचीच का?

नाही. विदर्भात कोणत्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणायची पद्धत पडली आहे. बहुतेकांचा सिस्टरांशी काही संबंध नसतो. चालवणारी संस्था कोणती ते प्रवेश अर्जावर आणि पावतीवर लिहिलेलं असतं. ते वाचा.

सगळ्या ख्रिस्ती संस्था कॅथलिक असतात का?

नाही. नागपूरचं मुर मेमोरियल हॉस्पिटल आणि हिस्लॉप कॉलेज स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनचे. अँग्लिकन चर्चमध्येही सिस्टरांचे संघ आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अशाच सिस्टरांकडे राहत असताना झाला.

सिस्टरांच्या दवाखान्यात नेमकं काय होतं?

बाजाराच्या दिवशी जाऊन पाहा. आमच्या तालुक्यातला दवाखाना म्हणजे पुढे लांब पडवी आणि मागे दोन खोल्या. पडवीत सकाळपासून लोक बसलेले असतात. टेबलावर जाड रजिस्टर. त्यात गावाचं नाव आधी आणि माणसाचं नंतर, कारण एकाच नावाच्या चार-चार शकुंतला असतात. छताच्या आकड्याला वजनकाटा आणि त्याला झोळी. बाळ झोळीत ठेवलं की आधी रडतं, मग गप्प होऊन वर बघत बसतं. सिस्टर काटा वाचतात, मागचं वजन बघतात आणि आईला विचारतात, "अंगणवाडीत नेलं होतं का?" उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारतात. तेवढ्यात एक आजी पदराच्या गाठीतून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून पुढे करते : "संपल्या व माय, चार दिस झाले." चार दिवस बीपीची गोळी नाही. सिस्टर रागावतात. आजी हसते. गोळ्या मिळतात, आणि पुढच्या बाजाराच्या तारखेवर पेनने गोल करून कागद हाती येतो.

असल्या दवाखान्यांत काम मुख्यतः असतं ते गरोदर बायांची तपासणी, लसीकरणाला आणि क्षयाच्या औषधाला लोकांना लावून धरणं, साखर-बीपी, जखमा, आणि मोठ्या दवाखान्यात वेळेवर पाठवणं. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेलचं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, प्रमाण जास्त आहे, म्हणून हाडं दुखतात, डोळे पिवळे होतात अशी मुलं आली की रक्ततपासणीला पाठवायचं हे त्यांचं ठरलेलं असतं. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार पुढे देऊ शकत असतील, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी तपासणी करा हे गावात घरोघर सांगत फिरणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. हे काम कुठल्या अहवालात नीट मावत नाही आणि म्हणून त्याचं कौतुकही होत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. लहान दवाखान्यात डॉक्टर रोज नसतो. त्याची वेळ विचारून जा. साप चावला असेल तर तिथे थांबूच नका. १०८ ला फोन करा आणि सरळ सर्पदंशाचं इंजेक्शन असलेलं ग्रामीण रुग्णालय गाठा. सिस्टरही तुम्हाला हेच सांगतील.

सिस्टर बाळंतपणं करतात, मग त्यांच्या धर्माची कधी आडकाठी होती का?

होती, आणि फार उशिरापर्यंत होती. चर्चच्या कायद्याने व्रतस्थ स्त्रियांना प्रसूती आणि शस्त्रक्रियेचं काम करायची मोकळीक नव्हती. त्याच काळात रावळपिंडीकडे पडद्यातल्या बाया पुरुष डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या आणि बाळंतपणात मरत होत्या. ॲग्नेस मॅकलारेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी तिथे बायांसाठी दवाखाना सुरू केला आणि रोमकडे या नियमासाठी तगादा लावला. त्यांच्या हाकेवरून ऑस्ट्रियाच्या आना डेंगेल डॉक्टर झाल्या, १९२० पासून रावळपिंडीत राबल्या आणि १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ काढला. नियम बदलला १९३६ मध्ये. तोवर हा संघ पूर्ण व्रतांशिवाय काम करत राहिला.

ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लाउरी यांना मात्र पोपनी खास परवानगी दिली होती. सिस्टर होऊन त्या आंध्रातल्या गुंटूरला राहिल्या आणि १९४३ मध्ये त्यांनी कॅथलिक दवाखान्यांची देशव्यापी संघटना उभी केली. आज विदर्भातल्या खेड्यातली सिस्टर बाळाची नाळ कापते, त्याच्या मागे या तिघींची झुंज आहे.

कुष्ठरोग्यांचं काम त्यांनीच सुरू केलं का?

विदर्भात असं म्हणणं चूक ठरेल. मनोहर दिवाणांचं दत्तपूर १९३६ चं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन १९४९ चं. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत. ही आपली परंपरा आहे आणि सिस्टरांचं काम तिच्या शेजारी उभं राहतं. मदर तेरेसांच्या संघाच्या निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या बंगालमध्ये टीटागढला कुष्ठरोगी आणि बरे झालेले लोक विणतात. त्या केंद्राचं नाव 'गांधीजी प्रेम निवास'.

बोर्डिंगात मुलगी ठेवावी का?

मी राहिले म्हणून माझं मत एका बाजूला झुकणार, हे धरूनच वाचा. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की मुलींची शाळा सुटायची ती सुटायचीच, आणि मग लग्न. बोर्डिंग नसतं तर माझंही तेच झालं असतं.

पहाटे उठणं, आपली भांडी आपण घासणं, आठवड्याच्या पाळीने अंगण झाडणं, दिवेलागणीनंतर दोन तास अभ्यास. जेवण साधं : वरण, भात, पोळी, हंगामात आंबाडीची भाजी. शिस्त कडक होती आणि काही वेळा गरजेपेक्षा जास्त. घरची आठवण येऊन रडणाऱ्या मुलीला जवळ घेणाऱ्या सिस्टर होत्या, तशा 'रडू नको' एवढंच म्हणणाऱ्याही होत्या.

ठेवायचंच असेल तर आधी स्वतः जाऊन पाहा. न्हाणीघर, झोपायची खोली, रात्री मुलींसोबत कोण असतं, आजारी पडल्यास कुठे नेतात, घरी फोन कधी लावू देतात. वसतिगृहाची नोंदणी विचारा. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा राग येत नाही.

शेतकरी कुटुंबांसाठी, बायांसाठी त्या काय करतात?

बचत गट, शिवणवर्ग, कागदपत्रं. शेवटचं ऐकायला किरकोळ वाटतं, पण नवरा गेलेल्या बाईला सातबाऱ्यावर वारसनोंद, निराधार योजनेचा अर्ज, बँकेतलं कर्ज यांसाठी तहसीलच्या फेऱ्या मारताना सोबत कुणी असणं फार मोठी गोष्ट आहे. काही सिस्टर हेच काम वर्षानुवर्षं करतात.

सावकारीला हात घातला की धोकाही असतो. शेजारच्या मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया यांनी आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवायचं काम केलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या बसमधून त्यांना ओढून रस्त्यावर भोसकून मारण्यात आलं. त्यांच्या घरच्यांनी मारेकऱ्याला माफ केलं, त्यांच्या बहिणीने त्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूरला चर्चने त्यांना 'धन्य' घोषित केलं. ही संतपदाच्या आधीची पायरी.

धर्मांतर करतात का? सरळ सांगा.

सरळच सांगते. सिस्टर ख्रिस्ती श्रद्धेतूनच हे करतात. भुकेल्याला दिलेलं अन्न आणि आजाऱ्याची केलेली विचारपूस येशूलाच पोचते, हे बायबलमधलं वचन त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. त्यांनी ते कधी लपवलेलं मी पाहिलं नाही.

माझे वडील माळकरी. बोर्डिंगात सकाळी प्रार्थना होई, आम्ही हात जोडून बसत असू. पण सहा वर्षांत मला कुणी बाप्तिस्मा घे म्हटलं नाही. आषाढीला मी उपास करायचे तेव्हा सिस्टर माझ्यासाठी साबुदाणा भिजवायला सांगत. हा माझा अनुभव, तो सगळ्या जागांची हमी ठरत नाही. म्हणून कायदाही माहीत असू द्या. संविधानाच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. २८ व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. औषध, प्रवेश किंवा धान्य यांच्या बदल्यात कुणी धर्म बदलायला सांगत असेल तर ते चूकच आहे आणि तक्रार करायलाच हवी.

पैसा कुठून येतो?

शाळांची फी, दवाखान्याचं माफक शुल्क, नोकरी करणाऱ्या सिस्टरांचे पगार, धर्मप्रांताची मदत, देणग्या, आणि काही कामांना सरकारी अनुदान. अनुदानित शाळेतल्या सिस्टरचा पगार संघाकडे जातो, तरी त्यावर आयकर कापला जातो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिला. परदेशी देणगी घ्यायची तर केंद्राची नोंदणी लागते आणि २०२० पासून ती आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल तर हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो.

एक तक्रार मी मोकळेपणाने मांडते. शहरातल्या काही मोठ्या कॉन्व्हेंट शाळांची फी आता गरिबाच्या आवाक्यात नाही. अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांची सक्ती लागू नाही, हे २०१४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं. कायद्याने ते बरोबर असेल. पण गुरं राखणाऱ्या मुलीपासून सुरू झालेल्या परंपरेला ते शोभत नाही. शहरातल्या शाळेच्या फीवर खेड्यातलं बोर्डिंग चालतं असं सिस्टर सांगतात आणि ते पुष्कळ ठिकाणी खरं आहे. तरी त्या शाळेच्या दारातून गरिबाची मुलगीही आत गेली पाहिजे.

कुणाला बाळ सांभाळता येत नसेल, किंवा टाकलेलं बाळ सापडलं, तर सिस्टरांकडे द्यावं का?

पूर्वी तसं होत असे. आता कायद्याचा मार्ग घ्या. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा पोलिसांना कळवा. बाळ सापडल्याची खबर २४ तासांत द्यावी लागते आणि पुढचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. सिस्टरांच्या नोंदणीकृत बालगृहातही मूल समितीच्या आदेशानेच राहतं. मदर तेरेसांच्या संघाने तर २०१५ मध्ये दत्तक देण्याचं कामच थांबवलं. कुणीही परस्पर दत्तक देऊ करत असेल, मग ते कुठल्याही वेशात असो, तर नकार द्या.

सिस्टर व्हायचं असेल तर? आणि मधेच सोडता येतं का?

कॅथलिक असावं लागतं. आधी काही काळ संघात राहून पाहणं, मग नवशिक्षण म्हणजे नोव्हिशिएट, निदान एक वर्षाचं आणि वय किमान १७. त्यानंतर ठरावीक मुदतीची व्रतं, ती काही वर्षं नव्याने घ्यायची, आणि मग आयुष्यभराची. मुदत संपली की परत जाता येतं. आजन्म व्रतानंतरही रोमची किंवा बिशपांची परवानगी घेऊन बाहेर पडता येतं. परत आलेल्या मुलीकडे गावाने बोट दाखवू नये एवढीच विनंती आहे.

गैरप्रकार दिसला तर कुणाला सांगायचं?

मुलाला मारहाण किंवा त्रास झाला असेल तर पोलीस, १०९८ आणि बाल कल्याण समिती. लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेने 'आतल्या आत पाहतो' म्हटलं तरी थांबू नका. पैशाच्या तक्रारी धर्मादाय आयुक्तांकडे, शाळेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. संघाच्या प्रांतप्रमुखांना लेखी कळवा आणि पोच घ्या. चांगल्या कामाची इज्जत तक्रार दाबून राहत नाही.

मदत करायची असेल तर काय द्यावं?

आधी विचारा. जुन्या कपड्यांचे गठ्ठे बहुतेकांकडे पडून असतात. बोर्डिंगला तूर, ज्वारी, गहू हंगामात दिले तर ते सरळ स्वयंपाकघरात जातात, पण साठवायला जागा कमी असते, म्हणून किती पोती पाठवू हे फोनवर ठरवा. दहावीच्या मुलींना गणित आणि इंग्रजी शिकवायला रविवारी दोन तास देणारं माणूस पैशापेक्षा जास्त हवं असतं. दवाखान्याला औषधं देताना मुदत पाहा. मुदत संपत आलेली औषधं देऊ नका. पैसे दिले तर आयकर सवलतीची पावती मागा. आणि रक्तदान करणार असाल तर तुमचा गट व फोन नंबर दवाखान्याच्या रजिस्टरला लिहून ठेवा. पावसाळ्यात रस्ता बंद झाला आणि बाळंतिणीला रक्त लागलं, की पहिला फोन त्या वहीतूनच लागतो.